डहाणू : किनाऱ्यामागचा इतिहास
(प्रस्तावना)

मुंबईच्या उत्तरेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, जिथे महाराष्ट्राचा किनारा संपत येतो आणि गुजरातचा मुलूख सुरू होतो, तिथे खाडीच्या मुखाशी वसलेले डहाणू हे शहर आकाराने आणि लोकसंख्येने लहानच आहे. २०११च्या जनगणनेत नगरपरिषदेच्या हद्दीत सुमारे ५० हजार माणसांची नोंद झाली. ज्या तालुक्याचे ते मुख्य ठाणे आहे त्याची लोकसंख्या मात्र ४ लाखांच्या घरात होती आणि तीत सुमारे दोन-तृतीयांश लोक वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया, दुबळा, कातकरी अशा आदिवासी जमातींचे होते. हे प्रमाण ध्यानात घेतल्याशिवाय डहाणूच्या इतिहासाला हात घालता येत नाही. किनाऱ्यावरच्या गावांचे इतिहास बहुधा समुद्राकडे तोंड करून लिहिले जातात. कोणती जहाजे आली, कोणी कोट बांधला, कोणी तो जिंकला, याभोवती ते फिरतात. डहाणूचे खरे भांडवल शहराच्या पाठीशी, पूर्वेकडे सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या रानात होते, आणि जे त्या रानातून निघाले व शहरातून बाहेर गेले त्यावरच शहर वाढले.

तालुक्यातील एका गावाचे नाव रानशेत आहे. या नावात जे दोन शब्द सहज शेजारी येऊन बसले आहेत, त्यांच्यातील सीमा प्रत्यक्ष जमिनीवर गेली दीडशे वर्षे वादाची राहिली आहे. कोणत्या जमिनीला रान म्हणायचे, कोणत्या जमिनीला शेत, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या हाती आले त्याच्याच हाती या भागाची अर्थव्यवस्था गेली, असे प्रस्तुत ग्रंथाचे प्रतिपादन आहे.

डहाणूचा सर्वांत जुना लेखी उल्लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत सापडतो. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने लेणे क्रमांक १०मध्ये कोरवून घेतलेल्या लेखात त्याच्या दानधर्माची यादी आहे, आणि इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्याने पुण्यतर, म्हणजे उतारूंकडून पैसे न घेता नावेने पार नेण्याची सोय, सुरू केल्याचे त्यात म्हटले आहे. पारदा म्हणजे आजची पार, दमणा म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, अशी ही नावे लावली जातात. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जाणारी वाट इतकी रहदारीची होती की तिच्यावरच्या प्रत्येक खाडीशी नावेची सोय करणे हे पुण्यकर्म ठरत होते, एवढे या लेखातून नक्की कळते. डहाणू हे नाव 'धेनू' शब्दावरून, गाईगुरांचे गाव म्हणून, आले अशी लोकव्युत्पत्ती प्रचलित आहे. ती गोड असली तरी दाहनुका हे रूप तिच्याहून कितीतरी जुने आहे आणि व्युत्पत्तीचा विचार तिथूनच सुरू व्हायला हवा.

डहाणूच्या उत्तरेस, आज गुजरातेत असलेले संजाण हे पारशी समाजाच्या परंपरेत पूर्वजांचे पहिले स्थिर वसतिस्थान मानले जाते. १५९९मध्ये रचलेल्या 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात ती परंपरा ग्रथित झाली. संजाण मुसलमानी फौजेच्या हाती पडल्यावर पवित्र अग्नी, म्हणजे इराणशाह, बारा वर्षे बहरोटच्या डोंगरातील गुंफांत जपून ठेवला गेला, असे त्यात सांगितले आहे. डहाणूच्या उत्तरेकडील बोर्डी-घोलवड गावांच्या मागच्या डोंगररांगेतील या गुंफांना पारशी आजही तीर्थ मानतात. किनाऱ्यावर संकट आले की रानाचा आसरा घ्यायचा, ही गोष्ट या प्रदेशाच्या इतिहासात पुढेही अनेकदा घडलेली दिसते. मात्र ज्यांनी आसरा दिला त्या डोंगरातल्या लोकांविषयी या काव्यातून फारसे काही हाती लागत नाही.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हा किनारा घेतला आणि संजाण, डहाणू, तारापूर, माहीम ही ठाणी दमणच्या अमलाखाली आणली. डहाणूचा कोट या काळात खाडीच्या काठी नाकेबंदीसाठी उभा राहिला. या कालखंडातील एक बाब विशेष लक्ष देण्याजोगी आहे. दमणच्या मुलखातील गावांवर डोंगरातून स्वारी होऊ नये म्हणून पोर्तुगीज रामनगरच्या राजाला महसुलाचा ठरावीक हिस्सा देत असत. तो मुळात चौथा भाग मानला जाई, म्हणून त्याला चौथ आणि घेणाऱ्या राजाला 'चौथिया' म्हणत. शिवाजी महाराजांनी १६७२मध्ये जव्हार व रामनगर काबीज केल्यावर हा हक्क आता आपल्याकडे आला, असे सांगून पोर्तुगीजांकडे चौथ मागितली. मराठ्यांच्या राज्यकारभारात पुढे हिंदुस्थानभर गाजलेल्या या शब्दाचा धागा डहाणूच्या आसपासच्या खेड्यांपर्यंत येऊन पोचतो. त्या कराची मुळातली अट किनाऱ्याने डोंगराला द्यायची, अशी होती. पुढच्या शतकांत देण्याघेण्याची ही दिशा पुरती उलटली. १७३९च्या वसई मोहिमेत डहाणू मराठ्यांकडे आले आणि १८१७-१८च्या सुमारास, पेशवाईच्या अखेरीस, इंग्रजांकडे गेले. राज्यांच्या या अदलाबदलीचा तपशील इतरत्र विस्ताराने उपलब्ध असल्याने येथे त्यावर अधिक शब्द खर्चण्याचे कारण नाही.

डहाणू हे कधीच मोठे बंदर नव्हते. भरतीच्या पाण्यावर आत येणाऱ्या लहान गलबतांपुरतीच ही खाडी उपयोगी होती, आणि त्या गलबतांतून साग, इतर इमारती लाकूड व जळण मुंबईला जात असे. १८६४मध्ये मुंबई, बडोदा आणि मध्य हिंदुस्थान रेल्वेचा मार्ग मुंबईपर्यंत पुरा झाला आणि रानातून माल बाहेर जाण्याचा वेग पालटला. स्टेशन जुन्या गावापासून पूर्वेला, मल्याण भागात झाले, म्हणून त्याला 'डहाणू रोड' म्हणतात. रेल्वेच्या परिभाषेत 'रोड' म्हणजे त्या गावाला जाणाऱ्या रस्त्यावरचे स्टेशन. जुने गाव खाडीशी राहिले, नवी पेठ रुळांशी वाढली, वखारी स्टेशनजवळ आल्या, आणि बैलगाड्यांच्या रांगा रानाकडून समुद्रापर्यंत येण्याऐवजी रुळांपाशीच थांबू लागल्या. शहराचा आजचा आराखडा, म्हणजे खाडीकाठचे गाव आणि स्टेशनाभोवतीची बाजारपेठ असे त्याचे दोन तुकडे, याच बदलातून आलेला आहे.

याच दशकांत रानाची कायदेशीर व्याख्या बदलली. १८७८च्या वनकायद्याने जंगलाचे राखीव व संरक्षित असे वर्ग पडले आणि आदिवासींच्या शेतीचा आधार असलेली 'राब' पद्धती अडचणीत आली. राब म्हणजे भाताचे रोप टाकण्यापूर्वी त्या तुकड्यावर डहाळ्या, पालापाचोळा, शेण व गवत पसरून जमीन भाजणे. यासाठी जवळच्या झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने जे खत होते ते वनखात्याच्या दृष्टीने वनाचे नुकसान ठरले. त्याच वर्षीच्या अबकारी कायद्याने मोहाच्या फुलांची घरगुती दारू बेकायदा झाली व दारूचा व्यवसाय मक्तेदारांकडे गेला. पावसाळ्यात खाण्यासाठी घेतलेले धान्यकर्ज (याला 'खावटी' म्हणत), मक्तेदाराच्या दुकानातील उधारी आणि लग्नाचे कर्ज या तीन वाटांनी वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या नावावर चढत गेल्या, आणि मूळ कसणारा आपल्याच शेतात खंडाने, म्हणजे पिकाचा ठरीव हिस्सा मालकाला देऊन, राबू लागला. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण ते फिटेपर्यंत बायकोसह मालकाच्या घरी राबत असे. त्याला 'लग्नगडी' हे नाव होते, आणि हिशेब मालकाच्याच वहीत असल्यामुळे कर्ज फिटल्याचा दिवस क्वचितच उजाडे. सरकारी अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३९मध्ये सादर केलेल्या अहवालात या स्थितीची स्पष्ट नोंद आहे. सरकारला माहिती नव्हती, असे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही.

डहाणूच्या आर्थिक इतिहासात गवताला जे स्थान आहे ते सहसा दिले जात नाही. मुंबईतील घोडे आणि तबेल्यांतील म्हशी यांना लागणारे गवत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातून जात असे. पावसाळा सरला की माळावरचे गवत कापायचे, वाळवायचे, दाबून गाठी बांधायच्या आणि वाघिणींत भरायच्या, हा काही आठवड्यांचा व्यवहार होता. त्यात उशीर झाला की गवत वाया जाई, आणि कापणाऱ्याच्या हाती काही बळ येई ते एवढ्याच दिवसांत. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेने हे बळ ओळखले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद झाली, वेठबिगार करणार नाही असा निर्धार झाला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ५०० रतल (पौंड) गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळाल्याशिवाय कोयता लावायचा नाही, असे ठरले. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे हा लढा मराठी वाचकाला परिचित आहे. १९७२मध्ये त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या लढ्याकडे शौर्यगाथा म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे, परंतु अर्थव्यवहाराच्या अभ्यासकाने त्यातील अडीच रुपयांचा आकडाही तितक्याच आदराने वाचावा. या रानातून बाहेर जाणाऱ्या मालाची किंमत तो काढणाऱ्यांनी एकजुटीने सांगितल्याची इतकी स्पष्ट नोंद त्याआधी मिळत नाही.

१९६०मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याची विभागणी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातकडे गेला, उरलेली २७ गावे आधी डहाणूला जोडली गेली आणि पुढच्या वर्षी त्यांचा तलासरी हा वेगळा महाल, म्हणजे छोटा तालुका, झाला. जिथे दहातील नऊ माणसे आदिवासी आहेत असा हा तालुका किसान सभेच्या लढ्याचा बालेकिल्ला राहिला, हा योगायोग नाही.

वारल्यांच्या जमिनी जात होत्या त्याच काळात किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात मात्र अगदी वेगळी अर्थव्यवस्था रुजत होती. फळझाडांच्या बागेला इथे 'वाडी' म्हणतात, आणि डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यातील वाड्यांत चिकूचे राज्य आहे. घोलवडला चिकूची लागवड १८९८मध्ये झाल्याचे फलोद्यानाच्या ग्रंथांत नमूद आहे. ही लागवड वाढवण्यात पारशी व विशेषतः इराणी कुटुंबांचा वाटा मोठा होता. पारशांचे पूर्वज हजाराहून अधिक वर्षांपूर्वी आले, तर एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत याझ्द व केरमान भागांतून आलेल्या झरथोस्ती कुटुंबांना इराणी म्हणतात, हा भेद वाचकाने लक्षात ठेवावा. चिकूचे मूळ मध्य अमेरिकेतील, पण डहाणूचे चिकूचे झाड बुंध्याशी वाकून पाहिले तर वेगळीच गोष्ट दिसते. इथली 'काळीपत्ती' ही जात बहुधा रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, खुंटावर कलम केलेली असते, आणि रायण हे या देशातले, रानात वाढणारे चिवट झाड आहे. जोडाच्या खालचा खुंट रानातला आणि वरचे झाड परदेशातले. खारा वारा आणि उन्हाळा ही मुळे सोसतात व फळ वरच्या झाडाला धरते. काढणीही तितकीच नाजूक असते. लांब काठीच्या टोकाला जाळी लावून फळ अलगद उतरवायचे, देठातून गळणारा पांढरा चीक धुवून टाकायचा, सालीवरची तपकिरी भुकटी चोळून काढायची, मग आकारानुसार निवड करून खोक्यांत भरायचे. पिकल्यावर चिकू फार दिवस राहत नाही, म्हणून हे सगळे फळ टणक असतानाच उरकावे लागते. या कामातील हात मोठ्या प्रमाणावर आतल्या पाड्यांतून सकाळी येणाऱ्या आदिवासी स्त्री-पुरुषांचे असतात. 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे त्या प्रदेशाबाहेरच्या फळाला ते नाव लावता येत नाही, आणि २०२१मध्ये मानांकित चिकू ब्रिटनला रवानाही झाला. बी पोखरणारी अळी आणि पावसाळ्यातील फळगळ यांनी बागायतदार गेली काही वर्षे त्रस्त आहेत; भाव आणि मजुरी यांचा मेळ बसेना म्हणून ढोबळी मिरचीसारख्या पिकाकडे वळणारेही बरेच आहेत.

शिक्षणाच्या इतिहासात या पट्ट्याने महाराष्ट्राला जे दिले ते विसरण्याजोगे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढच्या दशकात ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ यांनी ते पुढे अनेक वर्षे चालवले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर शाळाच कुरणात नेली गेली, तिला 'कुरणशाळा' म्हणत. आणि वस्तीतल्या अंगणात भरणाऱ्या बालवाडीतून 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला, जो आज देशभर सरकारी योजनेचे नाव म्हणून वापरला जातो. चित्रकलेलाही या भागाचे असेच देणे आहे. तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी लग्नाच्या चौकात भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जाणारी वारली चित्रे कागदावर व कापडावर आणली. त्यापूर्वी ती मुख्यतः सुवासिनी काढत असत. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्र आज जगभरच्या भिंतींवर दिसते, पण त्यातील गवताची गंजी, भाताची लावणी, ताडावर चढणारा माणूस हे सारे याच अर्थव्यवस्थेचे चित्रण आहे, हे ध्यानात घेऊन ते पाहणारे थोडे.

समुद्राचा व्यवसाय मांगेला व इतर मच्छीमार समाजांच्या हाती आहे. धाकटी डहाणू, वरोर, वाढवण या गावांसमोरचा खडकाळ, उथळ समुद्र मासळीच्या प्रजननाला अनुकूल असल्याने पापलेट, घोळ, दाढा, बोंबील यांसाठी तो नावाजलेला आहे. चिंचणी-वरोर परिसरात डायमेकिंगचा, म्हणजे सोन्याचांदीच्या दागिन्यांचे पोलादी साचे कोरण्याचा, घरगुती उद्योग मोठा आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक छिन्नीने नक्षी उतरवणारे हे कारागीर ज्या दागिन्यांना आकार देतात ते मुंबईच्या पेढ्यांवर विकले जातात. डहाणूचे रबरी फुग्यांचे कारखानेही प्रसिद्ध आहेत.

विसाव्या शतकाच्या अखेरीस बाहेर जाणाऱ्या मालात विजेची भर पडली. खाडीकाठी उभारलेले ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र १९९५च्या सुमारास सुरू झाले आणि त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना जाऊ लागली. पाण्याचीही गत तीच झाली. सूर्या नदीवरील धामणी व कवडास ही धरणे सिंचनासाठी योजलेली होती, परंतु त्यांच्या पाण्याचा मोठा हिस्सा वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी राखला गेला. वीजकेंद्राविरुद्धच्या लढ्यातून मात्र डहाणूला असे काही मिळाले जे देशात फार थोड्या तालुक्यांना मिळाले आहे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला, उद्योगांची लाल, नारंगी व हिरवा अशी वर्गवारी करून लाल वर्गातील प्रदूषणकारी उद्योगांना मनाई केली, आणि उद्योगांखालची एकूण जमीन ५०० एकरांपुरती मर्यादित ठेवली. अंमलबजावणी होत नाही म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९६च्या निकालानंतर निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. वीजकेंद्राच्या धुरातील गंधकवायू काढून टाकणारी यंत्रणा २००७मध्ये बसली ती या प्राधिकरणाच्या आग्रहामुळे. काय बाहेर न्यायचे, हाच प्रश्न जिथे शतकभर विचारला गेला, तिथे काय जागेवर राहिले पाहिजे, हे कायद्याने प्रथमच विचारले. रोजगाराच्या वाटा अडल्या, अशी तक्रार शहरातील व्यापारी व तरुण करतात आणि ती निराधार नाही; तरीही वाड्या, खाजण आणि मासळी आज जेवढी शिल्लक आहे तिचे मोठे श्रेय या अधिसूचनेला द्यावेच लागते.

या कायद्याची कसोटी वाढवणला लागली. तेथील खासगी बंदराचा प्रस्ताव प्राधिकरणाने १९९८मध्ये फेटाळला होता. पुढे जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्या ७४ व २६ टक्के भागीदारीत तो नव्याने आला, ३१ जुलै २०२३ रोजी पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने त्याला सशर्त संमती दिली, जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मंजुरी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघर येथे पायाभरणी झाली. किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्राला नैसर्गिक खोली लाभल्याने मोठी कंटेनर जहाजे इथे लागू शकतील, हे बंदराच्या बाजूचे मुख्य कारण. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडल्यावर मासेमारीचे काय, हा मच्छीमारांचा प्रश्न. बंदरापासून तव्यापर्यंत, म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गापर्यंत, ३२ किलोमीटरचा रस्ता आणि मालगाड्यांच्या समर्पित मार्गाला जोडणारा लोहमार्ग आखलेला आहे. हे दोन्ही मार्ग किनाऱ्यावरून आत येतील, आणि त्यांच्या रेषेत वाड्या, भातखाचरे व पाडे आहेत.

ग्रंथाचा कालपट वाढवणच्या पायाभरणीपाशी थांबवला आहे. प्रकरणांचा क्रम राजवटींप्रमाणे न लावता मालाप्रमाणे लावलेला असून लाकूड, गवत, भात, चिकू, मासळी, वीज व पाणी या क्रमाने तो वाचावा. तलासरीची गावे १९६०पूर्वी उंबरगाव तालुक्यात मोडत असल्याने जुन्या दप्तरांतील आकडे आजच्या आकड्यांशी ताडून पाहताना ती कोणत्या तालुक्यात धरली आहेत, याचा उल्लेख त्या त्या ठिकाणी केलेला आहे.